दोन याद्या शेजारी ठेवल्यावर

ब्रिटिश चित्रपट अकादमीच्या, म्हणजे 'बाफ्टा'च्या, पुरस्कारांच्या यादीत १९८२ या वर्षापुढे सहायक अभिनेत्रीच्या रकान्यात दोन नावं आहेत. एक रोहिणी हट्टंगडी, चित्रपट 'गांधी'. दुसरं मॉरीन स्टेपलटन, चित्रपट 'रेड्स'. पुरस्कार विभागून दिला गेला होता. पहिल्या नावाबद्दल मराठी वाचकाला काही सांगायला नको. आपल्या नटीनं हा पुरस्कार आणला हे आपण चाळीस वर्षं अभिमानानं सांगत आलो आहोत. सांगताना 'विभागून' हा शब्द मात्र बहुधा गळतो, आणि तो गळला की कुणाबरोबर विभागून, हा प्रश्नही गळतो. मी तो शब्द जागेवर परत ठेवून पाहिला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय नावाच्या गावी जाऊन पोहोचलो. अर्थात कागदांवरून.

आधी या रकान्यातलीच एक गंमत. हट्टंगडी यांनी कस्तुरबा साकारल्या होत्या, स्टेपलटन यांनी अराजकवादी वक्त्या एमा गोल्डमन. कस्तुरबांची जन्मतारीख ११ एप्रिल १८६९ मानली जाते. ती रूढ तारीख आहे, म्हणून 'मानली जाते' हेच क्रियापद बरं. गोल्डमन यांची जन्मतारीख २७ जून १८६९. मधलं अंतर बरोबर अकरा आठवड्यांचं. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत असतानाच गेल्या. गोल्डमन यांना अमेरिकेनं डिसेंबर १९१९ मध्ये 'बुफोर्ड' नावाच्या जहाजात बसवून हद्दपार केलं आणि १४ मे १९४० रोजी टोरांटोमध्ये त्यांचा अंत झाला. एकाच साली जन्मलेल्या, दोन सरकारांना जड झालेल्या दोन बायका १९८३ च्या मार्चमध्ये लंडनच्या एका यादीत एकाच ओळीवर आल्या. मत देणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं असेल असं मानायला काहीही आधार नाही. योगायोग म्हणून टिपून ठेवू.

तारखांचा दुसरा गुंता सोपा आहे. 'रेड्स' अमेरिकेत ४ डिसेंबर १९८१ रोजी लागला, म्हणून ऑस्करच्या हिशेबात तो १९८१ चा चित्रपट. ब्रिटनमध्ये तो १९८२ मध्ये पोहोचला, म्हणून 'बाफ्टा'च्या हिशेबात १९८२ चा. त्यामुळे २९ मार्च १९८२ रोजी ऑस्कर मिळवलेल्या स्टेपलटनबाई त्याच भूमिकेसाठी पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये हट्टंगडी यांच्या शेजारी दिसतात. तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न होतं. हट्टंगडी यांची चित्रपटातली वाटचाल जेमतेम पाच वर्षांची होती.

आता मूळ प्रश्न. ऑस्कर, एमी आणि टोनी हे तिन्ही सन्मान मिळवलेली ही बाई चित्रपटात नेमकी कुठे होती? उत्तर सोपं वाटतं. चित्रपटांच्या श्रेयनामावल्या काढायच्या आणि एकाखाली एक लिहायच्या. ती यादी मी केली. यादी बरी होती, लांबलचकही होती, पण तिच्यातून बाईंचं मोठेपण काही केल्या दिसेना. कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई, मध्येच एखादी भन्नाट म्हातारी. मग दुसरी यादी केली, ब्रॉडवेवरच्या नाटकांच्या प्रयोगपत्रिकांवरून. ती पहिलीच्या शेजारी ठेवली. तेव्हा कुठे गोष्ट उलगडायला लागली.

ट्रॉयपासून सुरुवात करू. हे होमरचं ट्रॉय नव्हे. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर, हडसन नदीच्या पूर्व काठावरचं हे कारखानदारीचं गाव. शर्टाला बटणानं अडकवायच्या सुट्या कॉलरी इथे इतक्या बनत की गावाचं नावच 'कॉलर सिटी' पडलं. त्या कॉलरी धुऊन, खळ घालून, इस्त्री करणाऱ्या बायकांत आयरिश बायका पुष्कळ. त्यांच्यापैकी केट मुलानी हिनं १८६४ मध्ये इथेच धुलाई-कामगार बायकांची संघटना उभी केली. अमेरिकेतल्या बायकांच्या कामगार संघटनांत ती फार आधीची. १९१० च्या जनगणनेत ट्रॉयची वस्ती ७६,८१३ होती. २०२० मध्ये ५१,४०१. कॉलर शर्टालाच शिवून यायला लागली आणि गाव उतरणीला लागलं. त्या उतरणीच्या सुरुवातीला, २१ जून १९२५ रोजी, इथल्या एका आयरिश कॅथलिक घरात लोइस मॉरीन स्टेपलटन जन्मली.

बालपणाबद्दलचा मुख्य कागद म्हणजे १९९५ मध्ये आलेलं त्यांचं आत्मचरित्र, जेन स्कोव्हेल यांच्या साहाय्यानं लिहिलेलं. सत्तरीत सांगितलेलं आणि दुसऱ्यानं शब्दांत बसवलेलं. त्यामुळे तारखा बाहेरून पडताळून घ्याव्यात, सूर मात्र खरा धरावा, असा माझा नियम. वडिलांचं पिणं, आईवडिलांचं वेगळं होणं, अंगानं जाड असलेली मुलगी आणि तिनं चित्रपटगृहाच्या अंधारात काढलेले तास. जोएल मॅक्रे या नटावर ती लुब्ध होती. ही शेवटची गोष्ट मला आधी उत्तरायुष्यात रंगवलेली आठवण वाटली. पण १९८२ च्या ऑस्कर सोहळ्याचं चित्रण उपलब्ध आहे, आणि त्यात आभार मानताना बाई जोएल मॅक्रेचं नाव घेतात. म्हणजे आत्मचरित्राच्या तेरा वर्षं आधी ही गोष्ट जगासमोर होती. साक्षी दोन झाल्या खऱ्या, पण दोन्हीकडे तोंड एकच. तेव्हा याला पुरावा म्हणण्यापेक्षा सातत्य म्हणावं.

१९४३ मध्ये, अठराव्या वर्षी, शंभरेक डॉलर गाठीला बांधून त्या न्यूयॉर्कला आल्या. हॉटेलात बिलं करण्याची कारकुनी, मॉडेल म्हणून उभं राहणं आणि हर्बर्ट बर्गहॉफ यांच्याकडे अभिनयाचे धडे. १९४६ मध्ये 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड'च्या पुनरुज्जीवनात ब्रॉडवेवर पहिलं पाऊल. पुढच्या वर्षी ॲक्टर्स स्टुडिओ ही संस्था निघाली, तिच्या सुरुवातीच्या नटमंडळींत त्या होत्या.

यानंतर येते ३ फेब्रुवारी १९५१ ही तारीख. न्यूयॉर्कचं मार्टिन बेक थिएटर, टेनेसी विल्यम्सचं नवं नाटक 'द रोझ टॅटू'. नायिका सेराफिना ही सिसिलीहून आलेली विधवा शिवणकाम करणारी. विल्यम्सनं ही भूमिका इटालियन नटी ॲना मान्यानी हिला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली होती. मान्यानीला आपल्या इंग्रजीची खात्री नव्हती. तिनं नाही म्हटलं. भूमिका पंचवीस वर्षांच्या, ट्रॉयच्या आयरिश पोरीकडे आली. सेराफिनाला पंधरा वर्षांची मुलगी आहे, आणि ती मुलगी रंगवणारी नटी साधारण स्टेपलटनबाईंच्याच वयाची होती. नाटकाचे ३०६ प्रयोग झाले आणि बाईंना टोनी मिळाला.

टोनीच्या यादीत इथे डोळे बारीक करून पाहावं लागतं. पुरस्कार मिळाला तो प्रमुख अभिनेत्रीचा नव्हे, दुय्यम भूमिकेचा. सेराफिना दुय्यम? ती रंगमंचावरून उतरतच नाही म्हटलं तरी चालेल. याचं उत्तर अभिनयात नाही, छपाईत आहे. त्या काळी टोनीचा गट भूमिकेच्या लांबीवर ठरत नसे. जाहिरातीत नटाचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलंय की खाली, यावर ठरे. बाईंचं नाव खाली होतं. 'सहायक' हा शब्द त्यांच्या नावाला पहिल्यांदा चिकटला तो असा, अक्षरजुळाऱ्याच्या खिळ्यांतून.

चार वर्षांनी 'द रोझ टॅटू'चा चित्रपट झाला. दिग्दर्शक डॅनियल मान, म्हणजे नाटकाचेच दिग्दर्शक. सेराफिनाच्या जागी ॲना मान्यानी. तिला १९५५ चा ऑस्कर मिळाला, प्रमुख अभिनेत्रीचा. यात अन्याय शोधायची घाई करू नये. भूमिका मुळात तिचीच होती, वयानं ती सेराफिनाला शोभत होती, आणि तिचं काम थोर आहे. मीही एवढं टिपून पुढे गेलो असतो. पण त्याच वर्षीची आणखी एक नोंद आडवी आली. एप्रिल १९५५ मध्ये विल्यम्सच्याच 'ट्वेंटी सेव्हन वॅगन्स फुल ऑफ कॉटन' या एकांकिकेत स्टेपलटनबाई फ्लोरा झाल्या होत्या. त्या एकांकिकेचा मोठा आधार घेऊन १९५६ मध्ये 'बेबी डॉल' हा चित्रपट आला. नायिका कॅरल बेकर, आणि तिला ऑस्करचं नामांकन.

दोनदा झालं की माणूस तिसऱ्या वेळेकडे पाहतो. २१ मार्च १९५७, पुन्हा मार्टिन बेक थिएटर, पुन्हा विल्यम्स, नाटक 'ऑर्फियस डिसेंडिंग', दिग्दर्शक हॅरोल्ड क्लर्मन. स्टेपलटनबाई लेडी टोरन्सच्या प्रमुख भूमिकेत. ही भूमिकाही लेखकानं मान्यानीला मनात धरूनच घडवलेली. नाटक चाललं नाही. ६८ प्रयोगांत उतरलं. १९६० मध्ये सिडनी ल्युमेटनं त्याचा चित्रपट केला, 'द फ्युजिटिव्ह काइंड'. मार्लन ब्रँडो नायक आणि लेडीच्या भूमिकेत पुन्हा मान्यानी. इथवर जुनीच चाल. पण श्रेयनामावली पुढे वाचत गेलं की एक नाव लागतं: व्ही टॅलबट, शेरीफची बायको, दृष्टान्तांची चित्रं काढणारी एक भाबडी बाई. ही भूमिका मॉरीन स्टेपलटन यांची.

ही ओळ मी तीन वेळा वाचली. जी बाई तीन वर्षांपूर्वी ब्रॉडवेवर लेडी होती, ती त्याच कथेच्या चित्रपटात लेडीच्या गावातली शेजारीण झाली आहे. ज्या वाक्यांवर तिनं ६८ रात्री घालवल्या, ती वाक्यं दुसरी नटी कॅमेऱ्यापुढे म्हणते आहे आणि ही त्याच चित्रपटात आहे. चित्रीकरणाचा बराच भाग न्यूयॉर्क राज्यातल्या मिल्टन या गावात झाला. मिल्टन हडसनच्याच काठावर आहे, ट्रॉयच्या खाली, त्याच पाण्याच्या वाटेवर. बाईंच्या मनात काय होतं हे श्रेयनामावली सांगत नाही. नामावलीचं ते कामही नाही. तिच्यावरून निश्चित म्हणता येतं ते इतकंच की त्यांनी काम नाकारलं नाही.

आपल्याकडे हा अनुभव नवा नाही. डिसेंबर १९७० मध्ये 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं तेव्हा अप्पा बेलवलकर होते डॉ. श्रीराम लागू; २०१६ च्या चित्रपटात ते नाना पाटेकर झाले. पण मध्ये पंचेचाळीस वर्षं गेली होती, त्यामुळे तो वारसा वाटतो. उलट 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये सुलभा देशपांडे यांची लीला बेणारे रंगमंचावर होती आणि सत्यदेव दुबे यांच्या १९७१ च्या चित्रपटातही तीच होती. त्यामुळे ज्यांनी प्रयोग पाहिला नाही त्यांच्याही हाती निदान काही लागतं. स्टेपलटनबाईंच्या बाबतीत अंतर तीन-चार वर्षांचं आणि माणूस वेगळं. वारसा म्हणावा इतका काळ नाही, आणि जुळणी तर नाहीच.

तरी एका नटीच्या तीन उदाहरणांवरून निष्कर्ष काढू नये. म्हणून पुरुषांकडेही पाहिलं. 'द रोझ टॅटू'त आल्वारो हा ट्रकवाला रंगवणाऱ्या एली वॉलक यालाही टोनी मिळाला होता. चित्रपटात त्याच्या जागी बर्ट लँकेस्टर. 'ऑर्फियस'मध्ये नायक क्लिफ रॉबर्टसन, चित्रपटात ब्रँडो. २५ फेब्रुवारी १९६० रोजी लिलियन हेलमनचं 'टॉइज इन द ॲटिक' हडसन थिएटरात आलं. हे नाटकगृहाचं नाव बरं का, नदीचं नव्हे. त्यात जेसन रोबार्ड्स भाऊ आणि स्टेपलटनबाई त्याच्यावर जीव टाकणारी बहीण कॅरी. १९६३ च्या चित्रपटात भाऊ डीन मार्टिन, कॅरी जेराल्डीन पेज. म्हणजे चाल सरसकट होती. नाटक विकत घ्यायचं, नट मात्र तिकीटबारीवर चालणारे घ्यायचे. हॉलिवूडनं स्टेपलटनबाईंना वेगळं काढून डावललं असं या पुराव्यावरून म्हणता येत नाही. तसं म्हणायला मला आवडलं असतं. कागद तसं म्हणू देत नाहीत.

उलट बाजूची उदाहरणंही जमेस धरायला हवीत. आर्थर मिलरच्या 'अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज'च्या १९६२ च्या चित्रपटात बिआट्रिस त्यांना मिळाली. १९५५ मध्ये रंगमंचावर ती आयलीन हेकार्टची होती. 'बाय बाय बर्डी' या १९६३ च्या संगीत-चित्रपटात त्या डिक व्हॅन डाइकची आई झाल्या. नाटकात ती आई के मेडफर्ड होती. या दुसऱ्या भूमिकेसाठी फक्त दोन जन्मतारखा शेजारी मांडतो. व्हॅन डाइक: १३ डिसेंबर १९२५. स्टेपलटन: २१ जून १९२५. आई मुलापेक्षा सहा महिन्यांनी मोठी. आपल्या हिंदी चित्रपटातही हे चालत आलंय. 'अग्निपथ'मध्ये अमिताभ बच्चन यांची आई झालेल्या रोहिणी हट्टंगडी वयानं त्यांच्यापेक्षा बऱ्याच लहान आहेत. 'बाफ्टा'च्या त्या एका ओळीवरच्या दोन्ही बायकांना ही जात्याच प्रौढ दिसण्याची शिक्षा भोगावी लागली. की ते वरदान म्हणावं? दोघींचीही पोटापाण्याची बेगमी त्यानंच केली.

पडद्यावरची पहिली भूमिका १९५८ च्या 'लोनलीहार्ट्स'मधली: फे डॉइल, पंगू नवऱ्याची उपाशी बायको. पहिल्याच चित्रपटाला ऑस्करचं नामांकन, अर्थात सहायक. सोहळा ६ एप्रिल १९५९ रोजी झाला आणि पुरस्कार वेंडी हिलरला गेला. हीच वेंडी हिलर पुढे 'टॉइज इन द ॲटिक'च्या चित्रपटात कॅरीची बहीण झाली. जग लहान असतं म्हणतात, हॉलिवूड तर गल्लीएवढंच. त्या सोहळ्याच्या तीन-चार आठवडे आधी, मार्च १९५९ मध्ये, दूरचित्रवाणीवर हेमिंग्वेच्या 'फॉर हूम द बेल टोल्स'चं दोन भागांतलं रूपांतर दाखवलं गेलं. त्यात स्पेनच्या डोंगरांतल्या गनिमी टोळीची खरी नायिका पिलार, म्हणजे स्टेपलटनबाई. याच कादंबरीवरचा चित्रपट १९४३ मध्ये येऊन गेला होता, म्हणजे ट्रॉयची मुलगी न्यूयॉर्कला आली त्याच साली. त्यात पिलार होती ग्रीक नटी कटीना पॅक्सिनू, आणि तिला त्याच भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला होता. सिसिलियन, स्पॅनिश, अमेरिकी दक्षिणेतल्या: अशा विधवा आणि रणरागिणी या आयरिश बाईनं केल्या. फक्त मोठ्या पडद्यावर त्या दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्यानं आल्या.

'एअरपोर्ट' (१९७०) हे दुसरं नामांकन. पात्राचं नाव इनेझ गरेरो. नवरा विमानात बाँब घेऊन चढतो. ही धावतपळत विमानतळावर येते आणि जमिनीवरच राहते. विमानप्रवासावरचा तो गाजलेला चित्रपट, आणि त्यातलं सर्वांत खरं दुःख विमानात न चढलेल्या बाईचं. स्टेपलटनबाईंना स्वतःला विमानाची भयंकर धास्ती होती. विमान टाळण्यासाठी त्या बोटीनं आणि आगगाडीनं जात. ऑस्कर त्याच चित्रपटातल्या हेलन हेजला मिळाला. गोल्डन ग्लोब मिळाला, पण तोही कॅरन ब्लॅकबरोबर विभागून. विभागून हा शब्द बाईंना नवा नव्हता.

आता १९६८ ते १९७१ या तीन वर्षांकडे जरा निवांत बघू, कारण माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा इथे आहे. १४ फेब्रुवारी १९६८ रोजी नील सायमनचं 'प्लाझा स्वीट' आलं. हॉटेलातली एकच खोली, तीन वेगळ्या गोष्टी, तीन जोडपी. तिन्ही पुरुष जॉर्ज सी. स्कॉट, तिन्ही बायका मॉरीन स्टेपलटन. एका संध्याकाळी तीन बायका व्हायचं, हाच त्या नाटकाचा खेळ. दिग्दर्शक माइक निकोल्स. एकूण १,०९७ प्रयोग झाले. १९७१ मध्ये चित्रपट आला. जॉर्ज सी. स्कॉट गेले, वॉल्टर मॅथाऊ आले. इथवर नेहमीचीच चाल. पण पुढे पाहा. मॅथाऊ तिन्ही पुरुष करतो. बायका मात्र तीन निराळ्या: पहिल्या गोष्टीत स्टेपलटन, दुसरीत बार्बरा हॅरिस, तिसरीत ली ग्रँट.

सरसकट तिकीटबारीचा नियम इथे पुरत नाही. एकाच नटानं तीन माणसं होण्यातली मौज निर्मात्यांना पटली होती; नाहीतर मॅथाऊला तिन्ही भूमिका दिल्या नसत्या. तीच मौज नटीच्या बाजूनं त्यांनी काढून घेतली. का? कारण सांगणारा कागद माझ्यासमोर नाही, तेव्हा हा तर्क समजावा: पुरुषानं रूप बदललं की ती कला ठरते, पन्नाशीकडे झुकलेल्या जाड बाईनं बदललं तर प्रेक्षक तिसऱ्या गोष्टीपर्यंत थांबतील का, याची धास्ती वाटली असावी. तर्क चुकला तरी नामावलीतलं अंकगणित बदलत नाही. एक पुरुष, तीन भूमिका. तीन बायका, तीन भूमिका.

१३ डिसेंबर १९७० रोजी सायमनचंच 'द जिंजरब्रेड लेडी' आलं. इकडे 'नटसम्राट' आलं तो हाच महिना. एव्ही मीरा, दारूतून उठू पाहणारी गायिका. १९३ प्रयोग आणि १९७१ चा टोनी. या वेळी नाव शीर्षकाच्या वर छापलेलं होतं, त्यामुळे पुरस्कार प्रमुख अभिनेत्रीचा. त्यांच्या साऱ्या पुरस्कारांत ही नोंद मला जास्त भावते.

या नाटकाचा चित्रपट लगेच झाला नाही. दहा वर्षं काहीच दिसत नाही. दरम्यान १९७८ मध्ये वुडी ॲलनच्या 'इंटीरियर्स'मध्ये पर्ल आली. राखी-पांढऱ्या, थंडगार घरात लाल पोशाखात शिरणारी, पत्ते खेळणारी, खळखळून जगणारी सावत्र आई. तिसरं नामांकन, पुन्हा सहायक. पुरस्कार मॅगी स्मिथला. मग एमा गोल्डमन. वॉरन बेटीच्या सव्वातीन तासांच्या चित्रपटात त्यांच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आहेत, तरी चित्रपटातल्या स्वप्नाळू पुरुषांना क्रांतीचं गणित चुकतंय हे सांगण्याचं काम त्यांच्याकडे आहे. तोंडावर मेकअपचा लपेटा नाही, आवाज चढत नाही. सेराफिनाचा कल्लोळ करणारी हीच का, असा प्रश्न पडावा.

तो पडतो आणि उत्तर पडद्यावर मिळत नाही. सेराफिनाचा एक मात्र धागा उरला आहे. १९६६ मध्ये 'द रोझ टॅटू' ब्रॉडवेवर परत आलं, सेराफिना पुन्हा स्टेपलटन. आता वय एक्केचाळीस, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईला शोभेल असं. त्या संचाची ध्वनिमुद्रिका कॅडमन कंपनीनं काढली. चेहरा नाही, हात नाहीत, नुसता आवाज. मान्यानीचा चित्रपट आणि ही ध्वनिमुद्रिका एकामागोमाग ऐकावी असं या विषयात रस असणाऱ्याला सुचवेन. मान्यानीचं इंग्रजी कडेकडेनं तुटतं आणि त्यातून बाई उभी राहते. स्टेपलटनबाईंना ते तुटणं कमवावं लागलं होतं.

आता २९ मार्च १९८२ च्या रात्रीकडे. सहायक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी पाच नावं होती: 'ॲबसेन्स ऑफ मॅलिस'साठी मेलिंडा डिलन, 'ऑन गोल्डन पाँड'साठी जेन फोंडा, 'रॅगटाइम'साठी एलिझाबेथ मॅकगव्हर्न, 'रेड्स'साठी मॉरीन स्टेपलटन आणि 'ओन्ली व्हेन आय लाफ'साठी जोन हॅकेट. शेवटच्या चित्रपटाचं नाव नुसतं वाचून काही कळत नाही. मी तर ते कितीदा ओलांडून गेलो होतो. लेखकाचं नाव पाहिलं: नील सायमन. मूळ नाटक पाहिलं: 'द जिंजरब्रेड लेडी'. दहा वर्षं कुठेच न दिसणारा चित्रपट इथे सापडला. एव्ही मीराचं नाव बदलून जॉर्जिया हाइन्स झालंय, गायिकेची नटी झालीय, भूमिका केलीय सायमनच्या तेव्हाच्या पत्नी मार्शा मेसन यांनी. त्याच रात्री प्रमुख अभिनेत्रीच्या पाच नावांत मार्शा मेसनही होत्या.

म्हणजे जिनं ही बाई रंगमंचावर घडवली आणि त्यासाठी प्रमुख अभिनेत्रीचा टोनी घेतला, ती सभागृहात सहायकांच्या रांगेत होती. तिची भूमिका दुसऱ्या नटीच्या नावावर प्रमुखांच्या रांगेत होती. त्याच नाटकातल्या मैत्रिणीची भूमिका तिच्याशीच स्पर्धेत होती. निकाल आपल्याला माहीत आहे. मार्शा मेसनना पुरस्कार मिळाला नाही, जोन हॅकेटना मिळाला नाही. स्टेपलटनबाई उठल्या, आयुष्यात भेटलेल्या सगळ्या माणसांचे आभार मानते म्हणाल्या, आणि जोएल मॅक्रेचं नाव घेतलं. सायमनच्या नाटकाचा उल्लेख त्यांनी केला नाही.

एक बारीक गोष्ट राहिली, ट्रॉयची. तिथल्या हडसन व्हॅली कम्युनिटी कॉलेजनं आपल्या नाट्यगृहाला मॉरीन स्टेपलटन यांचं नाव दिलं. ऑस्कर मिळालेल्या गावकन्येचा सत्कार, असं पहिल्या झटक्यात कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. तारखा लावून पाहिल्या. नामकरण १९८१ चं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्या एलिझाबेथ टेलरबरोबर 'द लिटल फॉक्सेस'मध्ये ब्रॉडवेवर उभ्या होत्या, त्याच वर्षी अमेरिकन थिएटर हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव गेलं. 'रेड्स' लागला तेव्हा वर्ष संपायला सत्तावीस दिवस उरले होते, आणि ऑस्करची नामांकनं निघाली ती १९८२ उजाडल्यावर. ट्रॉयनं पाटी लावली तेव्हा बाईंच्या खात्यात ऑस्करची तीन नामांकनं होती, बाहुली एकही नव्हती.